अंगणातील जीव, त्यांची ओळख आणि कॅमेऱ्याची जयणा

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात योजलेल्या या व्याख्यानाचा विषय वाचून काही ज्येष्ठांच्या कपाळावर आठी उमटली असेल, तर त्यात नवल नाही. धर्मसंस्थेच्या व्यासपीठावरून किडे, कोळी, पाली आणि साप यांची छायाचित्रे कशी काढावीत आणि त्यांची नावे कशी शोधावीत, हा विषय प्रथमदर्शनी विसंगतच वाटतो. परंतु ज्या परंपरेत पाठशाळेतील बालकाला मुळाक्षरांच्या पाठोपाठ एकेंद्रिय, द्वींद्रिय, त्रींद्रिय अशी जिवांची पायरी शिकवली जाते, त्या परंपरेला हा विषय परका म्हणता येणार नाही. तो घरचाच आहे. फक्त पाठशाळेतील तक्ता आणि अंगणातील प्रत्यक्ष जीव यांची गाठ पडेनाशी झाली आहे. मुलाला 'त्रींद्रिय म्हणजे मुंगी' हे पाठ असते. खिडकीच्या चौकटीवरून चाललेल्या मुंग्या किती प्रकारच्या आहेत, हे त्याने कधी वाकून पाहिलेले नसते.

प्रारंभ एका कुंडीपासून करणे सोयीचे ठरेल. नवी मुंबईत कुंडी नसलेले घर विरळाच. पावसाळ्यापूर्वी माती बदलण्यासाठी तुळशीची किंवा मोगऱ्याची कुंडी उलटी केली, की मुळांच्या गुंत्यातून पुष्कळदा काळपट, चकाकणारा, दोऱ्याएवढ्या जाडीचा एक जीव वळवळत बाहेर येतो. घरातील एक जण म्हणतो, गांडूळ आहे, टाका बागेत. दुसरा म्हणतो, सापाचे पिल्लू आहे, आणि झाडू आणायला धावतो. वस्तुतः तो जीव गांडूळ नव्हे आणि कोणाचे पिल्लूही नव्हे. तो पूर्ण वाढलेला 'वाळा' असतो. जेमतेम वीतभर, बहुधा त्याहूनही आखूड असा हा साप संपूर्णपणे बिनविषारी आहे. तो मुंग्यांची व वाळवीची अंडी आणि पिल्ले खाऊन जमिनीखाली राहतो. त्याचे डोळे खवल्याखाली झाकलेल्या दोन ठिपक्यांएवढे असतात. या जातीत आजवर केवळ माद्याच आढळल्या आहेत. नराशिवायच अंडी फळतात. त्यामुळे कुंडीच्या मातीतून एकच वाळा दूरदेशी गेला तरी तेथे त्याचा वंश सुरू होतो, आणि तसा तो जगाच्या अनेक उष्ण प्रदेशांत पोहोचलाही आहे. इंग्रजीत त्याला 'कुंडीतला साप' अशा अर्थाचे नावच पडले आहे.

आता शास्त्राच्या दृष्टीने पाहावे. गांडूळ द्वींद्रिय जिवांत मोजले जाते. साप हा पंचेंद्रिय तिर्यंच. छातीने सरपटणाऱ्या 'उरपरिसर्प' वर्गातला. कुंडीपाशी उभ्या असलेल्या श्रावकाने केलेली ओळख चुकली, तर ती एका पायरीने नव्हे, तीन पायऱ्यांनी चुकते. जीव कोणताही असो, तो दुखावू नये हे खरेच. परंतु विराधना झाल्यावर तिचे गांभीर्य इंद्रियांच्या संख्येप्रमाणे मोजण्याची दृष्टी परंपरेनेच दिली आहे. ज्या जिवाची ओळखच पटली नाही, त्याच्या बाबतीत हे मोजमाप करायचे कसे?

वाळा आणि गांडूळ यांतील भेद डोळ्यांना एका क्षणात कळत नाही. छायाचित्रात मात्र सहज कळतो. गांडुळाच्या अंगावर वलये असतात, त्वचा ओलसर व चिकट असते, आणि वाढलेल्या गांडुळाच्या देहावर एक फुगीर पट्टा दिसतो. वाळ्याच्या अंगावर बारीक, गुळगुळीत, चकचकीत खवले असतात, शेपटीच्या टोकाला अगदी लहान काटा असतो, आणि नीट पाहिले तर मधूनमधून जीभ बाहेर येताना दिसते. सह्याद्रीच्या पायथ्याशी पावसाळ्यात दिसणारे 'देवगांडूळ' हा आणखी तिसराच प्रकार. ते ना गांडूळ, ना साप; ते बेडकाच्या कुळाजवळचे उभयचर आहे. एकाच आकाराच्या तीन जिवांची ही तीन घराणी.

प्राचीन आचार्यांनी अशा निरीक्षणाकडे दुर्लक्ष केले नव्हते. 'तत्त्वार्थसूत्रा'च्या दुसऱ्या अध्यायात इंद्रियांची चढती भांजणी सांगताना उमास्वातींनी कृमी, मुंगी, भ्रमर आणि मनुष्य अशी चारच उदाहरणे दिली. सूत्रकाराला तेवढी पुरेशी होती. शांतिसूरींचे 'जीवविचार' प्रकरण मात्र जवळजवळ अंगणाची गणतीच आहे. द्वींद्रियांत शंख, कवडी, जळू, गांडूळ. त्रींद्रियांत गोम, ढेकूण, ऊ, मुंगी, मुंगळा, वाळवी, शेणातील किडा, धान्यातील किडा, कुंथू आणि इंद्रगोप. चतुरिंद्रियांत विंचू, भ्रमर, टोळ, माशी, डांस, मच्छर. सरपटणाऱ्या पंचेंद्रियांचेही दोन भाग केले आहेत: छातीवर चालणारे आणि भुजांवर चालणारे. ही यादी बंद खोलीत बसून होणे शक्य नाही. गोठ्यात, कोठारात आणि पहिल्या पावसानंतरच्या शेतात कोणीतरी खाली वाकून पाहिले होते.

येथे एक अडचण लपवून ठेवणे योग्य होणार नाही. शास्त्रात मुंगी त्रींद्रिय आहे, म्हणजे तिला चक्षुरिंद्रिय नाही. आजच्या साध्या सूक्ष्मछायाचित्रातही बहुतेक मुंग्यांचे संयुक्त डोळे स्पष्ट दिसतात. काही जातींच्या कामकरी मुंग्या खरोखरच अंध असतात, पण त्या थोड्या. विंचू चतुरिंद्रिय आणि इंद्रगोप त्रींद्रिय. परंतु प्राणिशास्त्रज्ञ दोघांचेही आठ पाय मोजून त्यांना कोळ्याच्या नात्यात बसवतो. पाठशाळेतील चौकस मुलगा हा प्रश्न विचारतोच, आणि 'असे विचारू नये' हे त्याचे उत्तर नव्हे. दोन वर्गवाऱ्या दोन भिन्न प्रश्नांची उत्तरे देतात. प्राणिशास्त्र विचारते, हा जीव कोणाच्या वंशातला? आचार्य विचारत होते, या जिवाला सुखदुःख किती वाटांनी पोहोचते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कॅमेऱ्याने सुधारता येते. दुसऱ्याची दिशा त्याने बदलत नाही. उलट मुंगीला दिसतेही हे कळल्यावर तिच्याबाबत काळजी वाढावी, कमी होऊ नये, एवढेच तर्काने निघते.

नवी मुंबईच्या भूमीबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. एका बाजूस पारसिकची डोंगररांग, दुसऱ्या बाजूस ठाण्याची खाडी, आणि मध्ये भातशेते, खाजणे व मिठागरे असा हा पट्टा होता. 1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि या पट्ट्यावर आखीव उपनगरे उभी राहू लागली. पुढे मस्जिद बंदर परिसरातील घाऊक धान्य व मसाला बाजार वाशीला आला आणि त्याबरोबर समाजातील अनेक व्यापारी कुटुंबेही आली. भातशेतीतील उंदरांवर जगणारी धामण, तळ्याकाठची दिवड, खडकांतली सापसुरळी हे येथले पूर्वीचेच रहिवासी. खारघर, बेलापूर किंवा नेरूळ येथील सोसायटीच्या आवारात साप 'शिरला' असे म्हणण्याची पद्धत पडली आहे, एवढेच.

या परिसरातील बाग म्हणजे फार मोठी जागा असावी लागत नाही. गॅलरीतील कढीपत्त्याचे किंवा लिंबाचे एक रोप पुरते. त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसणारा पांढरा-तपकिरी ठिपका दिसला आणि तो दुसऱ्या दिवशी जागा बदलून बसला, तर ती फुलपाखराची लहान अळी समजावी. मोठी झाल्यावर ती हिरवी होते आणि कोणी डिवचल्यास डोक्यामागून दुभंगलेले शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. 2015 मध्ये महाराष्ट्राने ज्याला राज्य फुलपाखराचा मान दिला, ते 'नीलवंत' लिंबाच्याच कुळातील झाडांवर वाढते. कण्हेरीच्या पानाखाली टांगलेला, आरशासारखा चकाकणारा कोश पाहून अनेकांना तो दागिना वाटतो. पानफुटीच्या जाड पानाच्या आत, दोन पापुद्र्यांच्या मध्ये राहून पान पोखरणारी अळी असते. घरच्या बाई 'रोपाला कीड लागली' म्हणून जे पान तोडून टाकतात, त्यात एक फुलपाखरू असते.

आता छायाचित्रणाकडे वळू या. महागडा कॅमेरा अनिवार्य नाही. निकटदर्शी, म्हणजे मॅक्रो, भिंग असलेला कॅमेरा उत्तम. पण मोबाइलवर चिमट्याने बसवायचे छोटे भिंगही आरंभाला पुरते. इतक्या जवळून चित्र घेताना स्पष्टतेची पट्टी अतिशय अरुंद होते. डोळा स्पष्ट आला तर पंख धूसर होतो. म्हणून भिंगाचे तोंड जिवाच्या देहाला समांतर ठेवावे, छिद्र लहान करावे, आणि प्रकाश कमी पडल्यास फ्लॅशवर पातळ पांढरा कागद लावून तो मऊ करावा. समोरचा उघडा फ्लॅश चकचकीत भुंगेऱ्याच्या पाठीवर पांढरा डाग पाडतो आणि ओळखीची खूणच पुसून टाकतो.

ओळख पटवायची असेल तर एक सुंदर चित्र पुरत नाही. तीन-चार साधी चित्रे लागतात. पाठीवरून, बाजूने, तोंडासमोरून, आणि जमल्यास पोटाकडून. पाय किती, स्पर्शिका कशा, पंखांच्या शिरा कशा, जीव कोणत्या झाडावर बसला होता, कोणती तारीख होती, हे वहीत लिहावे. आकारासाठी जिवाच्या शेजारी नाणे ठेवण्याची अनेकांना सवय असते. नाणे ठेवताना जीव दचकतो, कधी चिरडतो. तो उडून गेल्यावर ज्या पानावर बसला होता त्या पानावर पट्टी ठेवून दुसरे चित्र घेतले, की तेच माप मिळते.

पाय मोजण्याचे महत्त्व एका उदाहरणाने कळेल. आंब्याच्या झाडावर पाने शिवून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्या सर्वांनी पाहिल्या आहेत. चावल्या म्हणजे विसरत नाहीत. त्या रांगेच्या आसपास कधीकधी एक 'मुंगी' थोडी वेगळी वागते. ती एकटी फिरते, धोका वाटल्यास उडी मारते किंवा धाग्यावर लटकते. चित्र मोठे करून पाहिले, की सहा नव्हे, आठ पाय दिसतात. पुढचे दोन पाय तिने स्पर्शिकांसारखे वर धरलेले असतात. तो मुंगीचे रूप घेतलेला उड्या मारणारा कोळी असतो. नराचे जबडे तर इतके लांब असतात की मुंगी दुसरी मुंगी उचलून नेत आहे असा भास व्हावा.

पालीच्या बाबतीत तर नुसती खिडकीची काच पुरते. पंचांगात पल्लीपतनाची शुभाशुभ फळे छापलेली असतात, पण अंगावर पडलेली पाल कोणत्या जातीची, हे कोणी विचारत नाही. मुंबई परिसरातील भिंतींवर एकाहून अधिक जातींच्या पाली वावरतात, आणि त्यांतील भेद बोटांखालील पट्ट्या, अंगठ्याचा आकार व शेपटीवरील उंचवटे यांवरून ठरतो. एरवी यासाठी पाल पकडावी लागली असती. रात्री दिव्याजवळच्या काचेवर बाहेरून पाल बसली, की आतून तिच्या पावलाची प्रत्येक पट्टी दिसते. हात लावावा लागत नाही, शेपूट तुटत नाही, आणि चित्रही असे निघते की तज्ज्ञाने मान डोलवावी. भारतातील एकही पाल, सरडा अथवा सापसुरळी विषारी नाही, हेही येथे सांगितलेले बरे. सापसुरळी चावल्याने मृत्यू येतो ही समजूत कोकणपट्टीत अजून टिकून आहे, आणि तिच्यापायी तो निरुपद्रवी जीव दगडांनी मारला जातो.

छायाचित्रणाची काही प्रचलित पुस्तकी तंत्रे मात्र जैन गृहस्थाला जशीच्या तशी स्वीकारता येणार नाहीत. पहाटे कीटकांचे अंग थंड असते, ते हलत नाहीत, अंगावर दव असते. म्हणून गवतात पालथे पडून चित्र घ्यावे, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. तंत्राच्या दृष्टीने तो अचूक आहे. परंतु सामायिकापूर्वी इरियावहिया म्हणणाऱ्या श्रावकाला आठवावे, की त्या पाठात पायाखाली आलेले बीज, हिरवळ, दव, मुंग्यांची बिळे, ओली माती आणि कोळ्याची जाळी यांचा एकेक उल्लेख करून क्षमा मागितली आहे. पहाटेच्या ओल्या गवताचे याहून नेमके वर्णन छायाचित्रणाच्या पुस्तकातही सापडणार नाही. एका फुलपाखराच्या चित्रासाठी ते सारे अंगाखाली चिरडणे, हा व्यवहार तोट्याचा आहे. पायवाट, कुंडीचा काठ, कठडा, भिंत, झाडाचे खोड येथेच कॅमेरा चालवावा. चित्रे थोडी कमी मिळतील.

याहून गंभीर प्रकारही आहेत. कीटक स्थिर राहावा म्हणून त्याला शीतकपाटात ठेवून गारठवणे. प्रार्थनाकीटक खाताना दिसावा म्हणून त्याच्यापुढे जिवंत नाकतोडा धरणे. कोळ्याच्या जाळ्यात माशी टाकणे. घरटे उघडे दिसावे म्हणून भोवतीची पाने कापणे. स्पर्धांत बक्षिसे मिळवणाऱ्या काही चित्रांमागे असे उद्योग असतात. करणे, करविणे आणि अनुमोदणे या तिन्हींचा विचार करणाऱ्या समाजाने असे चित्र नुसते वाखाणतानाही थांबावे.

पतंगांचे चित्रण हा प्रश्न थोडा नाजूक आहे. रात्री पांढऱ्या कापडावर प्रखर दिवा सोडला, की शेकडो पतंग येऊन बसतात, आणि पावसाळ्यातील एका रात्रीत जेवढ्या जाती दिसतात तेवढ्या दिवसा महिनाभरातही दिसत नाहीत. परंतु दिव्यावर झेपावणारा जीव हाच तर रात्रिभोजनत्यागाच्या उपदेशातील जुना दृष्टान्त. कापडाच्या कडेला पाली टपून बसतात, सकाळी उरलेले पतंग पक्षी टिपतात. मध्यममार्ग असा, की मुद्दाम दिवा लावू नये. जिन्यातला किंवा फाटकावरचा जो दिवा लागतोच, त्याच्या भिंतीवर बसलेल्या पतंगांची चित्रे घ्यावीत, आणि गरज संपल्यावर तो दिवाही मालवावा. हा तोडगा परिपूर्ण नाही.

आता नावाकडे. चित्रावरून नाव नेहमी मिळते, हा भ्रम आहे. फुलपाखरांच्या बाबतीत परिस्थिती चांगली आहे. कृष्णमेघ कुंटे यांचे द्वीपकल्पीय भारतावरील पुस्तक 2000 मध्ये, तर आयझॅक किहिमकर यांचे भारतीय फुलपाखरांवरील पुस्तक 2008 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतर्फे आले. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी जे. सी. डॅनियल यांचे 1983 चे पुस्तक आजही अभ्यासकांच्या हाताशी असते, जरी त्यातील अनेक शास्त्रीय नावे दरम्यान बदलली आहेत. मोबाइलमधील ओळख सुचवणारी साधनेही उपयोगी आहेत, पण ती आत्मविश्वासाने चुकतात. कोळी, माश्या, लहान भुंगेरे यांच्या बाबतीत जातीपर्यंत पोहोचण्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रियांची रचना तपासावी लागते. छायाचित्रकाराने 'अमुक प्रजातीपैकी एक' एवढ्यावर थांबायला शिकावे. अपुरे पण खरे नाव हे पूर्ण पण खोट्या नावापेक्षा बरे.

येथेच विषयाच्या मुळाशी असलेला पेच येतो. 2021 मध्ये ठाणे-कल्याण परिसरातील एका चिमुकल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याची विज्ञानाला नवी म्हणून नोंद झाली. संशोधकांनी त्याला 'आयसियस तुकारामी' असे नाव दिले. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात गिरगाव चौपाटीवर अतिरेक्याची बंदूक हातांनी धरून ठेवत प्राण देणारे पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ हे नाव आहे. खाडीपलीकडच्या शेजारात, काही मिलिमीटर लांबीचा जीव 2021 पर्यंत अनामिक होता, ही विलक्षण गोष्ट. पण अशी नोंद करण्याची रूढ पद्धत म्हणजे नमुना मारून, मद्यार्कात जतन करून संग्रहालयात ठेवणे ही होय. त्याशिवाय पुढील अभ्यासकाला पडताळणी करता येत नाही, आणि ज्याचे नावच नाही त्या जातीच्या रक्षणासाठी कायद्याकडे बोट दाखवता येत नाही. शास्त्रज्ञांचा हा युक्तिवाद पोकळ नाही. अहिंसा मानणाऱ्याने तो ऐकून घ्यावा, आणि मग तरीही विचारावे: दुसरा मार्ग आहे का?

तो कधीकधी असतो. पुण्यातील रेडिओ खगोलशास्त्रज्ञ रमण अत्रेय यांना अरुणाचल प्रदेशातील ईगलनेस्ट अभयारण्यात 1995 मध्ये एक अनोळखी पक्षी दिसला होता. 2006 मध्ये तो हाती आला, तेव्हा त्यांनी त्याला मारले नाही. मोजमापे घेतली, छायाचित्रे काढली, गळालेली पिसे ठेवली आणि पक्षी सोडून दिला. ज्ञात पक्ष्यांची संख्या इतकी थोडी होती की एक मारणेही परवडणारे नव्हते. त्यावरूनच नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि स्थानिक बुगुन समाजावरून तिला 'बुगुन लिओसिक्ला' हे नाव मिळाले. 2015 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील, भुंग्यासारख्या दिसणाऱ्या एका माशीचे वर्णन तर केवळ छायाचित्रांच्या आधारे झाले. त्यावर जगभरच्या कीटकशास्त्रज्ञांत मोठा वाद माजला, आणि आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे सर्वस्वी चूक होते असे म्हणवत नाही. मात्र जसजशी चित्रे अधिक सूक्ष्म होत जातील, तसतसा हा दुसरा मार्ग रुंदावेल. चांगले चित्र काढणारा प्रत्येक गृहस्थ, त्याला जाणीव असो वा नसो, त्या मार्गाची एक वीट घालत असतो. जैन समाजातील तरुणांनी या कामात पुढे का असू नये?

सापांविषयी स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे, कारण तेथे चुकीची ओळख दोन्ही बाजूंनी जीव घेते. घरांत सर्वाधिक शिरणारा साप म्हणजे कवड्या. तो बिनविषारी आहे आणि भिंतीवर सहज चढतो. त्याच्या अंगावरील पांढरट पट्टे मानेजवळून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यार अत्यंत विषारी. तिचे अंग निळसर काळे, चकचकीत. पांढरे पट्टे बारीक, बहुधा जोडीने, डोक्यापासून काही अंतरावर सुरू होणारे आणि शेपटीकडे अधिक ठळक. पाठीच्या कण्यावरचे खवले मोठे व षट्कोनी असतात. मण्यार समजून असंख्य कवडे मारले जातात. क्वचित कवड्या समजून मण्यारीला हात लावला जातो, आणि तिच्या दंशाची वेदना इतकी कमी असते की झोपेत चावल्याचे कळतही नाही. म्हणून खवले मोजण्यासाठी कोणीही जवळ जाऊ नये. दूरवरून, दारातून, मोबाइलचे एक चित्र घ्यावे, मुलांना मागे ठेवावे, सापावर नजर ठेवून वनविभागाची परवानगी असलेल्या सर्पमित्राला बोलवावे आणि ते चित्र त्याला आधी पाठवावे. चित्रासाठी थांबणे धोक्याचे वाटले तर थांबू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांना संरक्षण आहे, हेही सोसायटीच्या रखवालदारापर्यंत पोहोचले पाहिजे, कारण काठी बहुधा त्याच्याच हातात दिली जाते.

संस्थात्मक पातळीवरही परंपरा मागे नव्हती. मुंबईची पांजरपोळ 1834 साली जमशेटजी जीजीभाई व अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने उभी राहिली, हे सर्वज्ञात आहे. पण गुजरातेतील काही जुन्या पांजरपोळांत 'जीवातखाना' नावाची एक खोली असे, जिथे निवडलेल्या धान्यातून निघालेले किडे धान्यासह नेऊन सोडले जात, हे नव्या पिढीला ठाऊक नसते. आजच्या मापाने ही कल्पना भाबडी वाटेल. तिच्यामागची दृष्टी मात्र सूपात धान्य निवडणाऱ्या घरोघरच्या महिलांकडे अजून शाबूत आहे. तांदळातला सोंडा आणि कडधान्यातला भुंगेरा हे दोन वेगळे जीव आहेत, हे त्या भिंगाशिवाय सांगू शकतात. कीटकांची ओळख शिकवण्याचे वर्ग भरवायचे ठरले, तर शिक्षिका शोधायला लांब जावे लागणार नाही.

ट्रस्टच्या वास्तूभोवती छोटी बाग आहे, आणि अशा बहुतेक वास्तूंप्रमाणे तेथेही वर्षातून काही वेळा औषधफवारणीचा प्रस्ताव येतो. कोणती कीड आहे, हे प्रस्तावात सहसा लिहिलेले नसते. 'किडे फार झाले आहेत' एवढेच असते. डेंग्यू पसरवणारे डास आणि पानफुटीतली अळी यांना एकाच फवाऱ्यात बसवले जाते. साठलेले पाणी काढून टाकल्याने पहिल्याचा बंदोबस्त फवाऱ्यावाचून होतो; दुसरीचा बंदोबस्त करण्याचे कारणच नसते. पुढील प्रस्ताव येण्यापूर्वी निदान एक वर्ष या बागेतील जिवांची सचित्र नोंदवही ठेवावी, आणि फवारणीचा निर्णय ती वही उघडून घ्यावा, अशी सूचना विश्वस्त मंडळासमोर या निमित्ताने ठेवण्यात येत आहे.

वहीची सुरुवात मृग नक्षत्रात करावी. पहिल्या सरींनंतर दोन-चार दिवस मोकळ्या मातीवर मखमली लाल इंद्रगोप, म्हणजेच मृगाचा किडा, चालताना दिसतो आणि मग वर्षभर दिसत नाही. आषाढात चातुर्मास बसतो, साधू-साध्वींचा विहार थांबतो. त्याच सुमारास वाणी, गोगलगायी, पतंग आणि अळ्या यांची गर्दी होते. भाद्रपद-आश्विनात आवारावर चतुर घिरट्या घालू लागतात, लिंबाची पाने अळ्यांनी कुरतडलेली असतात आणि कोळ्यांची मोठी जाळी दोन झाडांमध्ये ताणलेली दिसतात. कार्तिकानंतर नोंदी रोडावतात. चैत्रात सरड्याच्या नराचे डोके व गळा लाल होतो. आणि वैशाखात कोणीतरी पुन्हा कुंडीची माती बदलायला घेतो. त्या वेळी शेजारी कॅमेरा आणि ओल्या मातीचे एक रिकामे भांडे तयार ठेवावे, म्हणजे वाळा निघालाच तर चित्र होईपर्यंत तो उन्हात तडफडणार नाही.

जय जिनेंद्र.